मॅटाडोरचा क्रँक बॅलन्सर आणि पुली स्वतः बदलायची असेल तर

माजिवड्याच्या सिग्नलला उभा होतो आणि इंजिनातून ठक-ठक सुरू झाली. रेस दिली की गायब, पाय काढला की परत हजर. गाडी १९८९ची मॅटाडोर, पोटात मर्सिडीजच्या घराण्यातलं ओ.एम. ६१६ डिझेल इंजिन. ओळखीच्या गॅरेजवाल्याने पाना कानाला लावून इंजिन ऐकलं आणि निकाल दिला, "मेन बेअरिंग गेलंय साहेब. इंजिन खाली उतरवायला लागेल. हाफ इंजिनचं काम धरून चला."

बेअरिंगला काहीच झालेलं नव्हतं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या टोकावर जो बॅलन्सर असतो, त्यातलं रबर मेलं होतं. तो आणि त्याच्यासोबत झिजलेली, फॅन बेल्ट फिरवणारी पुली मी घरी बदलली. तीन रविवार गेले, त्यातले दोन निव्वळ माझ्या अडाणीपणामुळे. तुमचा एकातच आटपावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बॅलन्सर म्हणजे काय, हे थोडक्यात. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. प्रत्येक स्फोटाला क्रँकशाफ्ट पिळला जातो आणि परत सुटतो, ओला टॉवेल पिळून सोडावा तसा. हे पीळ एका ठरावीक वेगाला एकमेकांत मिसळून वाढत गेले तर शाफ्टला तडा जाऊ शकतो. म्हणून पुढच्या टोकाला एक जड लोखंडी कडं रबराच्या पट्ट्यावर बसवलेलं असतं. शाफ्ट पिळला की कडं किंचित मागे राहतं आणि तो झटका रबर खातं. गरमी आणि गळणारं ऑइल मिळून हे रबर वीस-पंचवीस वर्षांत कडक तरी होतं, नाहीतर फुगून सुटतं. मग कडं जागेवरून सरकतं किंवा लडबडतं.

१. आधी रोग नक्की करा

ही पायरी सोडू नका. अर्धं काम इथेच आहे, आणि पैसे तर सगळे इथेच वाचतात.

पांढरा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश घ्या. इंजिन बंद आणि थंड असताना बॅलन्सरचा पुढचा भाग रॉकेलने पुसा. मग मधल्या हबपासून, म्हणजे क्रँकच्या टोकावर बसणाऱ्या गोल भागापासून, रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा. सुकू द्या आणि आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. नंतर बघितलं तर माझी रेघ रबरापाशी तुटली होती, आणि बाहेरचा तुकडा करंगळीभर मागे सरकला होता. याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही.

दुसरी खूण पुलीच्या खाचेत असते. फॅन बेल्ट काढा आणि टॉर्चने खाचेत उजेड टाका. चांगल्या पुलीत बेल्ट खाचेच्या दोन्ही भिंतींवर टेकतो, तळाला लागत नाही. तळ आरशासारखा चकाकत असेल तर भिंती झिजून बेल्ट खाली बसलाय. असा बेल्ट कितीही ताणा, पावसाळ्यात किंचाळणारच. आजूबाजूला काळी रबरी भुकटी दिसली तर शंकेला जागाच नाही.

तिसरी तपासणी टायमिंगची. मला सगळ्यात महाग पडली ती हीच, म्हणून जरा लांबवतो. या इंजिनाच्या बॅलन्सरवर अंशांच्या खुणा असतात आणि टायमिंग कव्हरवर एक काटा. डिझेल पंपवाला (इंजिनाला डिझेल देणारा पंप दुरुस्त करणारा) त्याच खुणा बघून पंप लावतो. मर्सिडीजच्या हिशोबाने या इंजिनात पंप डिझेल द्यायला सुरुवात करतो ती पिस्टन वर पोचण्याच्या २४ अंश आधी. आता खुणा असलेलं कडंच मागे सरकलं असेल, तर काटा २४ दाखवतो तेव्हा पिस्टन प्रत्यक्षात खूप वर आलेला असतो. बॅलन्सर बदलायच्या सहा महिने आधी मी पंपाचं काम करून घेतलं होतं. पंपवाल्याने प्रामाणिकपणे खुणेवर पंप लावला, आणि त्यानंतर गाडी कसारा घाटात दुसऱ्या गिअरला रडायला लागली, मागून पांढरट धूर. मी सहा महिने त्या माणसाला शिव्या घातल्या. चूक त्याची नव्हती, खूणच खोटी होती.

तपासायचं असं. वरचं टॅपेट कव्हर काढा. कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणारा वरचा दांडा, क्रँकला चेनने जोडलेला) पुढच्या बेअरिंगच्या टॉवरवर एक खूण आहे आणि कॅमवर एक खाच. मोठ्या पान्याने क्रँक हळूहळू फिरवा, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेनेच. खूण पुढे निघून गेली तर उलट फिरवून मागे आणू नका, पूर्ण दोन फेरे घेऊन परत या. उलट फिरवलं तर चेनचा ढिलेपणा भलत्या बाजूला जातो. कॅमची खाच जुळली की खाली काटा शून्यावर हवा. जुन्या चेनमुळे दोन-चार अंशांचा फरक चालतो. माझा बारा होता.

२. काय काय लागेल

२७ नंबरची गोटी (सॉकेट), ती पाऊण इंची ड्राइव्हची. अर्ध्या इंची रॅचेटने हा बोल्ट सुटत नाही, रॅचेट मात्र सुटतं. सोबत पाऊण इंची सरळ हँडल आणि त्यावर चढेल असा मीटरभर जाड पाइप. टॉर्क पाना (बोल्ट मोजून ठरलेल्या जोराने आवळणारा) ३५० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा हवा. घरगुती टॉर्क पाने बहुतेक दोनशेच्या आसपास थांबतात, तेव्हा विकत घेण्याआधी आकडा वाचा. नाहीतर ट्रकचं काम करणाऱ्या एखाद्या गॅरेजातून दिवसभरासाठी भाड्याने आणा. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलच्या बाजूला किंवा तुर्भ्यात मिळून जातो.

घट्ट बसलेला भाग ओढून काढायला बोल्टवाला पुलर हवा, म्हणजे मध्ये स्क्रू आणि हबच्या भोकांत आटे धरणारे बोल्ट. तीन पायांचा पुलर घेऊ नका, कारण पुढे कळेलच. ॲलन की (षटकोनी खोबणीच्या बोल्टच्या) चांगल्या प्रतीच्या घ्या. नवीन फ्रंट ऑइल सील (क्रँकच्या पुढच्या टोकापाशी ऑइल अडवणारं) आणि नवे बेल्ट आधीच आणून ठेवा. जॅकसोबत दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) पाहिजेतच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला मी या कामात मदत करणार नाही. शिवाय रॉकेल, लोखंडी ब्रश, पसरट टब, मार्कर आणि कॅमेरावाला फोन. फोन सगळ्यात जास्त वापराल.

३. सुटा भाग शोधणं

मॅटाडोरचं उत्पादन बंद होऊन जमाना झाला. पण हेच इंजिन पुढे ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्येही गेलं, म्हणून बॅलन्सर मिळणं अशक्य नाही. टेम्पोचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानात आधी विचारा. नाहीच मिळालं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथे जुना माल घ्याल तर रबरावर नख दाबून बघा. नख रुतून परत वर आलं पाहिजे. दगडासारखं टणक लागलं किंवा भेगा दिसल्या, तर तुम्ही तुमचाच जुना बॅलन्सर दुसऱ्या नंबरप्लेटसकट विकत घेताय.

जुना भाग शक्यतो सोबत न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा. बाहेरचा व्यास, खाचा किती, बोल्टच्या भोकांचा गोल, पिनची (बॅलन्सर हबवर नेमका बसवणारी खुंटी) जागा आणि अंशांच्या खुणा कोणत्या बाजूला, एवढं जुळलं पाहिजे. बॅलन्सरवर पिनची जागा ठरलेली असते, कारण तो एकाच स्थितीत बसावा असा तोललेला असतो. "पिनचं काय घेऊन बसलात, फिरवून लावा की" असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून दुसऱ्या दुकानात जा.

आता दोन सापळे. पहिला: "कड्याला चार ठिकाणी वेल्डिंग मारून देतो, आयुष्यात हलणार नाही." खरंच हलणार नाही. पण हलणं हेच त्याचं काम आहे. वेल्डिंग मारलेला बॅलन्सर म्हणजे क्रँकला अडकवलेलं नुसतं वजन. दुसरा सापळा जास्त गोड आहे. वागळे इस्टेटमध्ये रबर चिकटवून देणारे मिळतात, आणि बरेचजण इतर कामात उत्तम असतात. पण या रबराचा कडकपणा त्या इंजिनाच्या हिशोबाने ठरलेला असतो, गाडीच्या फूटमॅटचं रबर इथे चालत नाही. एकाने मला हौसेने भरून दिलं. दोन आठवड्यांत पांढरी रेघ पुन्हा तुटली.

लेथवाल्याकडे मात्र एका कामासाठी जरूर जा. हबला सील जिथे घासतो तिथे खाच पडली असेल तर त्यावर पातळ स्टीलची बाही चढवून मिळते. हब चांगला असेल तर त्यात पैसे वाचतात.

४. जागा आणि मोकळीक

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, आणि तोंडी सांगण्याऐवजी ग्रुपवर टाका. मी वॉचमनला सांगून सुरुवात केली होती. अकरा वाजता वरच्या मजल्यावरचे काका खाली आले, "अहो, हे गॅरेज आहे का?" पोह्यांच्या बशीवर प्रकरण मिटलं, पण तासभर गेला.

जमीन सपाट हवी. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. रेडिएटरचं पाणी टबात घ्या आणि टब झाकून ठेवा. कूलंटची चव गोडसर असते, पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि ते त्यांना विष आहे. रेडिएटर काढलात तर हात मोकळा फिरतो. नाहीच काढायचा म्हणालात तर निदान त्याच्या जाळीपुढे प्लायवूड उभं करा. पाना सटकला की तो सरळ जाळीत घुसतो. मग फॅन, मग बेल्ट. प्रत्येक वस्तू काढण्याआधी फोटो घ्या, बेल्ट कोणत्या खाचेत होता तेही दिसू द्या.

५. मोठा बोल्ट

पुलीच्या भोवतीचे छोटे बोल्ट आधी एकेक वळणाने ढिले करा, ॲलन की पूर्ण आत बसवूनच. खोबणीत माती असते, ती टोकदार सळईने काढा. अर्धवट बसलेली की फिरवली तर डोकं गोल होतं, आणि मग ड्रिलशिवाय इलाज नाही.

नुसता बॅलन्सर आणि पुलीच बदलायची असेल आणि पुढून ऑइल गळत नसेल, तर मधला बोल्ट न सोडताही काम होतं. माझ्याकडे सील गळत होतं. तुमच्याकडेही बहुधा गळत असेल, कारण रबर मरायचं एक कारण तेच.

मधल्या बोल्टवर मर्सिडीजचा आकडा २७० ते ३३० न्यूटन-मीटर आहे. ३०० धरले तर मीटरभर पाइपच्या टोकाला साधारण ३० किलोचं वजन टांगल्याएवढा जोर. हे घट्ट करताना. पस्तीस वर्षं तापून-निवून बसलेला बोल्ट सोडताना त्याहून जास्त लागतो. आटे नेहमीचेच आहेत, समोरून बघताना घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतो.

अडचण ही की बोल्ट फिरवला की क्रँकही फिरतो. सेल्फ काढून त्या भोकातून फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या मागच्या टोकाचं दातेरी जड चाक) दातांत बसणारं लॉक लावणं उत्तम. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, दात तुटतो आणि मग खरंच इंजिन-गिअरबॉक्स वेगळं करायला लागतं. लॉक नसेल तर वरचा गिअर टाकून एकाला ब्रेकवर बसवा. आमच्याकडे बायको बसली होती. "जोरात दाब," मी खालून ओरडलो. "दाबलाय! तुझाच पाय सटकतोय," वरून उत्तर. तिचं बरोबर होतं, माझ्या चपलेला ऑइल लागलं होतं. बूट घाला.

काहीजण पान्याचा दांडा चेसीला टेकवून सेल्फचा झटका मारतात. बोल्ट सुटतो खरा. पण डिझेल इंजिन त्या झटक्यात सुरू झालं तर तो दांडा कुठे जाईल, याचा विचार करा. मी तो प्रकार करत नाही.

बोल्टखाली बशीसारखे वायसर असतात, एकावर एक. त्यांची फुगीर बाजू बोल्टच्या डोक्याकडे. बाहेर काढण्याआधी फोटो, आणि काढल्यावर त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. उलटे बसले तर बोल्ट टॉर्कला पोचल्यासारखा वाटतो आणि नंतर ढिला पडतो.

६. ओढून काढणं

माझा पहिला रविवार इथे गेला. तीन पायांचा पुलर बाहेरच्या कड्याला अडकवला, स्क्रू फिरवला, आणि 'फट' करून कडं एकटंच हातात आलं. हब तिथेच. आता धरायला काही उरलंच नाही. म्हणून बोल्टवाला पुलर, आणि तो हबच्या भोकांत.

क्रँकच्या टोकाच्या आट्यांवर स्क्रूचं टोक थेट टेकवू नका. एखादा जुना बोल्ट तीन-चार आटे आत घालून त्याच्या डोक्यावर दाब द्या. निघत नसेल तर पुलर ताणलेला ठेवा, शाफ्टच्या कडेने गंज सोडवणारं तेल मारा, चहा प्या आणि परत या. माझा दुसऱ्या खेपेला चहा पिताना आपोआप सुटला होता.

हातोडा मारायचा नाही. समोरून मारलेला प्रत्येक ठोका क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (त्याला पुढे-मागे सरकू न देणारं) जातो, आणि मग गॅरेजवाल्याचं भाकीत खरं ठरतं.

७. सील, पिना आणि हब

जुनं सील काढताना शाफ्टला ओरखडा पडू देऊ नका. नवीन सील तळहाताने सरळ बसवा, मग योग्य मापाच्या पाइपच्या तुकड्याने सर्व बाजूंनी हलके ठोकून. जुन्या सीलची खाच हबवर उथळ असेल तर नवीन सील दोन-एक मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवलं तरी ओठ कोऱ्या भागावर येतो. ओठाला इंजिन ऑइल लावा, कोरडं सील पहिल्याच मिनिटात जळतं.

पिना आणि चावी (हब शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला तुकडा) हाताने हलवून बघा. लडबडत असतील तर नवीन घ्या, पण त्यांची भोकं लांबट झाली असतील तर हबही बदला. पंच मारून घट्ट केलेली पिन महिनाभर टिकते. कसं कळलं ते विचारू नका.

८. बसवणं

हब घट्ट जात असेल तर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पुसून कोरडा करा आणि हातमोजे घालून चढवा. पातेलं स्वयंपाकघरातलं घेऊ नका. नुसता हबच गरम करायचा, रबराचा बॅलन्सर नाही.

पिना जुळल्या की वायसर फोटोप्रमाणे, मग बोल्ट हाताने फिरवा. शेवटपर्यंत हाताने जात नसेल तर आट्यांत कचरा आहे, काढून साफ करा. मग टॉर्क पाना, दोन टप्प्यांत. वर दिलेला आकडा मर्सिडीजचा आहे, तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा असेल तर तोच धरा. आता बॅलन्सर आणि पुली पिनवर बसवा, छोटे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने घट्ट करा.

बेल्ट चढवण्याआधी क्रँक, वॉटर पंप आणि अल्टरनेटरच्या पुल्यांवर लांब सरळ पट्टी धरा. तिन्ही एका रेषेत हव्यात. मग बेल्ट असा ताणा, की मधोमध अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटरभर जाईल. जास्त ताणलात तर वॉटर पंपाचं बेअरिंग तुमच्यावर सूड उगवेल.

९. सुरू करणं आणि पंप

आधी पान्याने क्रँक दोन फेरे हाताने फिरवा, कुठे काही अडत नाही ना बघा. पाणी भरा, बॅटरी जोडा, सुरू करा. समोरून बघताना पुली डोलली नाही पाहिजे. डोलत असेल तर लगेच बंद, बहुधा पिन जागेवर नाही.

खुणा आता खऱ्या झाल्या, म्हणून पंप परत लावून घ्यावाच लागतो. इथे बरेचजण थांबतात आणि "बॅलन्सर बदलूनही गाडी ओढत नाही" म्हणतात. मी त्याच पंपवाल्याकडे गेलो, सगळं सांगितलं आणि सॉरी म्हटलं. त्याने पंपातून पडणाऱ्या डिझेलच्या थेंबावर टायमिंग लावून दिलं आणि पैसे अर्धेच घेतले.

कागदपत्रांचं विचाराल तर या कामाला आरटीओची नोंद लागत नाही, इंजिन नंबर बदलत नाही. पण गाडी पंधरा वर्षांवरची असेल तर आरसीच्या नूतनीकरणाला ती तपासणीसाठी न्यावी लागते. ठाणे असो की वाशी, काळ्या-पांढऱ्या धुराची गाडी तिथे नेऊ नका. पीयूसी पंप लावल्यावरच काढा. आणि आपण कितीही कौतुकाने 'व्हिंटेज' म्हटलं तरी नियमाने व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी. १९८९ची मॅटाडोर अजून त्या रांगेत नाही.

नव्या बॅलन्सरवर पांढरी रेघ पहिल्याच दिवशी ओढा. ५०० किलोमीटरनंतर रेघ बघा, बेल्ट परत ताणा, सीलखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. जुना हब भंगारात लगेच टाकू नका, पुढच्या वेळी दुकानात माप जुळवायला तोच न्यायचाय. माझा बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली आहे.